इंजिनाचा नंबर बघता, ब्रेकही बघा : परिवहन आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : जुन्या जीप व तत्सम गाड्यांत जास्त ताकदीचे इंजिन बसवण्यासाठी तपासणीची रीतसर वाट असावी, याबाबत

साहेब,

देवगड तालुक्यात रस्त्याकडेला माझं गॅरेज आहे. निम्मं काम गाड्यांचं, निम्मं होड्यांच्या इंजिनांचं. जानेवारी लागला की बागायतदार आपापल्या जीपा घेऊन दारात उभे राहतात, कारण पुढे आंबा सुरू झाला की गाडी एक दिवस बंद ठेवणं परवडत नाही. जीपा म्हणजे महिंद्राच्या पाचशेचाळीस (एमएम ५४०), कमांडर, मार्शल, पहिल्या पिढीतल्या बोलेरो, मधूनच एखादी मारुती जिप्सी नाहीतर टेम्पो ट्रॅक्स. पंधरा वर्षं कधीच उलटून गेलेल्या, पाच-पाच वर्षांचं पासिंग करून चाललेल्या. हल्ली शोरूममध्ये एसयूव्ही म्हणून जे विकतात त्यातलं बरंचसं पावसाळ्यात आमच्या सड्यावरच्या, म्हणजे कातळमाळावरच्या, बागेपर्यंत पोचत नाही. या पोचतात. म्हणून त्या कोणी भंगारात घालत नाही.

यातल्या बऱ्याच गाड्यांत आज कंपनीचं मूळ इंजिन नाही, आणि त्यांच्या आरसीवर मात्र तेच मूळ इंजिन आहे. हे तुमच्या खात्याला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. पासिंगच्या कुठल्याही कॅम्पच्या मैदानात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या रांगेवरून एक चक्कर मारली तरी दिसतं. एखादी जीप शिट्टी मारत येते. पाचशेचाळीसला कंपनीने कधी टर्बो दिला नव्हता, तेव्हा ती शिट्टी कुठून आली हे विचारायलाही नको.

लोक हे का करतात ते आधी सांगतो, कारण मुंबईहून बघताना हा सगळा पोरांचा चाळा वाटतो. पाचशेचाळीसचं एक्सडीपी इंजिन मुळात प्युजोच्या घराण्यातलं, २११२ सीसी, साधारण ६२ अश्वशक्तीचं. सरळ, साधं, कुठेही उघडून जोडता येणारं. पण त्याचे सुटे भाग आता पूर्वीसारखे सहज मिळत नाहीत, आणि मिळाले तर अस्सल असतीलच असं नाही. पिस्टन-लायनरसह पूर्ण काम काढायचं तर जो खर्च येतो, त्याच्या आसपास कुर्ल्याच्या बाजारात स्कॉर्पिओचं चालू इंजिन गिअरबॉक्ससकट मिळतं. ते २.६ लिटरचं, टर्बो, १०९ अश्वशक्तीचं. माणूस हिशेब करतोच.

दुसरं कारण महामार्ग. मुंबई-गोवा रस्ता आमच्या जिल्ह्यात चौपदरी झाला, गाड्या ऐंशी-शंभरने जातात, आणि त्यात क्रेट भरलेली जीप चढावर तिसऱ्या गिअरात धूर सोडत चाललेली असते. मागचा कंटेनरवाला अंगावर येतो. नांदगाव तिठ्यावरून महामार्गाला लागताना ६२ अश्वशक्तीच्या गाडीवाल्याचा जीव मुठीत असतो. जास्त ताकद मागणारा प्रत्येक माणूस मस्तीसाठी मागत नाही. काही मस्तीसाठीही मागतात. शनिवार-रविवारी कातळावर गाड्या चढवणारी आणि त्याचे रील टाकणारी मुलं आहेतच. तीही माझी गिऱ्हाइकं, आणि गाडीची काळजी ती बागायतदारांपेक्षा जास्त घेतात, हेही खरं.

कायदा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. पण हे पत्र गाडीवालेही वाचतील म्हणून थोडक्यात लिहितो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीने दिलेला जो तपशील आरसीवर आहे, त्याच्याशी विसंगत होईल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. इंधन बदलायचं असेल, म्हणजे सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरी, तर मान्यताप्राप्त किट बसवून परवानगी मिळते. त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन बदलून त्याची नोंद करून घेता येते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या एका प्रकरणात हे आणखी घट्ट केलं : कंपनीच्या मूळ तपशिलापासून गाडी ढळता कामा नये. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने दंडही ठरला, कलम १८२अ खाली प्रत्येक बेकायदा बदलामागे पाच हजार रुपये किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

म्हणजे ६२ अश्वशक्तीच्या जागी १०९ची वाट बंद. इथवर कोणाला काही म्हणायचं असेल असं वाटत नाही. गाडीत कोणीही काहीही कोंबावं आणि रस्त्यावर आणावं, असं मीही म्हणत नाही. मी स्वतः आरसीवर चढणार नाही असं इंजिन कोणाच्या गाडीत बसवत नाही, आणि त्यामुळे काही गिऱ्हाइकं माझ्या दारावरून पुढे जातात. पुढे जाऊन ती दुसरीकडे काम करून घेतात. आणि मग काही महिन्यांनी, बिघडली की, माझ्याकडेच येतात. मला जे सांगायचंय ते या परत आलेल्या गाड्यांवरून.

गेल्या सीझनच्या आधी अशीच एक पाचशेचाळीस आली. इंजिन स्कॉर्पिओचं, काम घाटावरच्या कुठल्याशा गावात झालेलं. मालक बागायतदार, साठीच्या पुढचा, बोलायला मोकळा. म्हणाला, "चढता भारी हो, पन उतरताना माका देव आठवता." फोंडा घाट उतरताना पेडल दगडासारखं असायचं; पहिली पाच-सात वळणं ब्रेक कसाबसा लागायचा, नंतर तोही लागेनासा व्हायचा. मेकॅनिकने ब्रेकचे लायनर बदलून दिले, ड्रम लेथवर कापून दिले. फरक शून्य.

बॉनेट उघडलं. इंजिन स्वच्छ होतं, काम दिसायला नीटनेटकं, वायरी टेपने छान गुंडाळलेल्या. गाडीला ब्रेकचा बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा डबा, मागाहून बसवलेला होता. बूस्टरला व्हॅक्युम लागतो. पेट्रोल इंजिन तो स्वतःच्या श्वासातून देतं, डिझेल देत नाही, त्याला वेगळा पंप लागतो आणि आपल्याकडच्या बऱ्याच डिझेल इंजिनांत तो डायनामोच्या मागच्या टोकाला बसवलेला असतो. या गाडीला इंजिनासोबत डायनामो आलाच नव्हता. स्वस्तात दुसरा मिळाला तो लावला, बॅटरी चार्ज होत होती, दिवे लागत होते. त्याला मागे पंप नव्हता. बूस्टरहून आलेली रबरी नळी मोकळी लोंबकळत राहू नये म्हणून तिच्या तोंडात एक बोल्ट घालून वर क्लॅम्प आवळला होता. क्लॅम्प नवा होता, चकचकीत. म्हणजे दोन टन वजन घाटातून खाली आणताना त्या माणसाच्या पायामागे त्याच्या पायाखेरीज काहीही नव्हतं. त्यात लायनर तापले की उरलासुरला ब्रेकही जायचा.

आणि ही गाडी पास होती, साहेब. पीयूसीही होती, विमाही होता.

याचा दोष मी तुमच्या निरीक्षकाला देत नाही. त्याने पेन्सिलीने चेसिसचा नंबर कागदावर उतरवून घेतला असणार, इंजिनाचा नंबर आरसीशी ताडून बघितला असणार, आणि तो जुळला असणार. कारण नंबर जुळवून देणारेही आहेत. मूळ नंबर घासून जुना ठोकून देतात. हे काम कोण करतं ते बाजारात सगळ्यांना माहीत असतं, आणि बोलत कोणी नाही. हा गुन्हा आहे आणि चोरीच्या इंजिनाला याच वाटेने घर मिळतं. पण प्रश्न असा की खरं सांगणाऱ्याला आपण कुठली वाट ठेवली आहे? "इंजिन मोठं बसवलंय, तपासून घ्या" असं म्हणत जो कार्यालयात येईल, त्याची गाडी अडकणार. जो गप्प राहील, त्याची चालणार. त्यामुळे होतं असं की ज्या गाडीची तपासणी सगळ्यात बारकाईने व्हायला हवी, नेमकी तीच कधी तपासली जात नाही.

ताकद वाढली की गाडीत काय काय बदलावं लागतं, हे सांगण्याचा मोह आवरत नाही, कारण गिऱ्हाइकांपैकी फार थोड्यांना ते ठाऊक असतं. जुन्या एक्सडीपीचा टॉर्क, म्हणजे शाफ्ट पिळायची ताकद, १२ किलोग्रॅम-मीटरच्या आसपास. स्कॉर्पिओच्या २.६चा २६च्या आसपास. आता पहिला गिअर चारास एक धरा आणि ट्रान्स्फर केसचा, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीचा, लो गिअर अडीचास एक. जुनं इंजिन लावून प्रॉपेलर शाफ्टवर १२० किलोग्रॅम-मीटर यायचे, आता २६० येतात. शाफ्टचे क्रॉस, म्हणजे सांधे, तेच, मागची हाउसिंग तीच, अॅक्सल तेच. चिऱ्याच्या खाणीतून भरलेली गाडी लोमध्ये बाहेर काढताना क्रॉस तुटला आणि सुटलेला शाफ्ट खालून फरशीवर आपटत राहिला, अशी गाडीही मी टोचन करून आणली आहे. क्रॉस तुटला हे नशीब. तो टिकला असता तर त्याच्या पुढचं काहीतरी तुटलं असतं.

मग फाउंडेशन. नवं इंजिन जुन्या जागी बसत नाही, तेव्हा चेसिसवर नवे ब्रॅकेट वेल्डिंग करून त्यावर रबर बसवतात. कारखान्यात हे चालेल. समुद्रापासून दोन कोसांवर असलेल्या गाडीच्या चेसिसमध्ये काय असतं ते बघायला एकदा माझ्याकडे या. लांबट पोकळ पट्टीत आतून माती आणि खारी ओल साठलेली असते, वरून काळा रंग तुकतुकीत. स्क्रू-ड्रायव्हरने दाबलं तर काही ठिकाणी आरपार जातो. अशा पत्र्यावर वेल्डिंग धरतं, पण पत्राच धरत नाही. एक पावसाळा गेला की ब्रॅकेटच्या कडेने भेग पडते, इंजिन तसूभर सरकतं, आणि फॅन रेडिएटरला घासेपर्यंत मालकाला कळतही नाही.

रेडिएटरचं वेगळंच. जुन्याच्या जागेत मावेल एवढाच घालतात, फॅनभोवतीचा पत्रा काढून टाकतात कारण तो बसत नाही, आणि एप्रिलात आंबोली चढताना सुई लाल होते. हेड गॅस्केट उडाली की गाडी थांबते तरी. पुढचे पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, दबतात, स्टेअरिंगचा कोन बदलतो, हे मात्र थांबवत नाही, ते हळूहळू टायर खातं आणि एक दिवस वळणावर गाडी सरळ जाते.

पण या सगळ्यात मी ब्रेकवर अडून बसतो. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर. सहाशे मीटरचा उतार धरला आणि गाडी मालासकट दोन टनांची, तर खाली येईपर्यंत जेवढी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते तिच्यात चाळीस लिटर पाणी उकळेल. ही ऊर्जा इंजिन छोटं असो की मोठं, तेवढीच. फरक कशात पडतो? जुन्या इंजिनाला माणूस दुसऱ्या गिअरात, वीस-पंचवीसने, कुरकुरत उतरायचा, कारण चढतानाही तसाच चढला होता. नव्या इंजिनाने तो चढताना पन्नासने चढतो, हात तसाच बसतो, उतरतानाही तिसऱ्यात सुटतो. चाळीसच्या जागी साठ वेग झाला की थांबवायची ऊर्जा सव्वादोन पट. ड्रम मात्र तेच. जुन्या पाचशेचाळीसला चारही चाकांना ड्रम होते, आणि ड्रम तापला की फुगतो, लायनरपासून लांब जातो, पेडल खाली जात राहतं. शिवाय गाडी जास्त ओढते म्हटल्यावर मालक चार क्रेट जास्त भरतो. दोष त्याचा नाही, गाडी तक्रार करत नाही तोवर कोण कशाला कमी भरेल.

कंपनीने काय केलं ते बघा. २०१० मध्ये महिंद्राने थार आणली. पाचशेचाळीसच्याच घराण्यातली. तिच्या सीआरडीई, म्हणजे कॉमन रेल डिझेलच्या, अवतारात २.५ लिटरचं, १०५ अश्वशक्तीचं इंजिन दिलं. पण नुसतं इंजिन नाही दिलं. पुढच्या चाकांना डिस्क दिल्या, पुढचं सस्पेन्शन पाट्यांऐवजी स्वतंत्र केलं, गिअरबॉक्स पाच गिअरचा. हातात सगळं असून कंपनीला जे करावंसं वाटलं नाही, ते रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये दोन दिवसांत होतं.

आमच्या बंदरात हे कोणी करणार नाही. होडीचं इंजिन बदलायचं म्हटलं की तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, पहिला प्रश्न पंख्याचा विचारतो. देवगडला, मालवणला, विजयदुर्गला ट्रकची लेलँडची इंजिनं होडीत बसवून वर्षानुवर्षं मासेमारी चालली आहे, म्हणजे इंजिन इकडचं तिकडे करायची अक्कल आणि हात किनाऱ्यावर आहेत. पण इंजिन मोठं झालं की शाफ्ट जाड होतो, पंख्याचा घेर आणि पीच, म्हणजे पात्यांचा पीळ, बदलतो, खालचं लाकूड तपासून जोड देतात. शाळेत न गेलेला खलाशीसुद्धा नुसतं इंजिन घेऊन समुद्रात जायला तयार होत नाही. तोच माणूस घरी येऊन जीपमध्ये मात्र नुसतं इंजिन घालतो. का? कारण होडीचं काम उजेडात, चार जाणत्यांसमोर होतं. जीपचं काम लपून करायचं असतं. लपून करायच्या कामात रंग आणि टेप नीट लागते, बाकी राहतं.

मला कायद्यातली एक गंमत समजत नाही. उद्या मी हीच पाचशेचाळीस घेऊन तिचं इंजिन, टाकी, सायलेन्सर सगळं काढलं आणि मान्यताप्राप्त विजेचं किट बसवलं, तर तुमचं खातं ते नोंदवून घेईल. २०१६ पासून तशी तरतूद आहे. सीएनजी तर सरसकट. म्हणजे गाडीचा जीव पूर्ण बदलायला हरकत नाही, फक्त तो डिझेलचाच, त्याच कंपनीचा, दहा वर्षं नवा असता कामा नये. प्रदूषणाचं कारण असेल तर तेही उलटं पडतं. पाचशेचाळीस जन्मली तेव्हा आजच्यासारखे निकष नव्हते. बीएस-४ देशभर २०१७ मध्ये आलं, बीएस-६ २०२० मध्ये. बीएस-४च्या गाडीतलं कॉमन रेल इंजिन नीट बसवलं, त्याचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, आणि धुराची यंत्रणा सोबत आणली, तर जुन्या एक्सडीपीपेक्षा ते स्वच्छच चालेल. आज मात्र धुराची यंत्रणाच आधी कापून फेकतात, कारण ती तपासणार कोण?

किटचं तत्त्व तुमच्याकडे तयार आहे, तेच इथे लावा, एवढंच माझं म्हणणं आहे. पुण्याला एआरएआय ही गाड्यांची चाचणी करणारी संस्था आहे. सीएनजीचं किट एकदा तिथल्यासारख्या संस्थेतून पास होतं आणि मग अधिकृत माणसाकडून हजारो गाड्यांत बसतं, प्रत्येक मालकाला स्वतःची गाडी पुण्याला न्यावी लागत नाही. तसंच जुन्या जीपांसाठी जोडसंच मान्य करता येतील. समजा पाचशेचाळीसला थारचं सीआरडीई : पण संचात इंजिनासोबत पुढची डिस्क, बूस्टर, व्हॅक्युम पंप, मोठा रेडिएटर, शाफ्ट आणि ठरलेल्या जाडीचे, नटबोल्टने बसणारे फाउंडेशनचे ब्रॅकेट असलेच पाहिजेत. एक वस्तू कमी तर नोंद नाही. चेसिस गंजलेली तर संच नाहीच, कितीही रडलं तरी. ताकद किती वाढवायची याला मर्यादा ठेवा. ऑस्ट्रेलियात गाडीच्या वजनावरून इंजिनाच्या आकाराची मर्यादा ठरते. कॅलिफोर्नियासारख्या कडक राज्यात इंजिन बदलायला मिळतं, पण ते गाडीपेक्षा जुन्या सालचं चालत नाही, धुराची सगळी यंत्रणा सोबत लागते आणि सरकारी पंच गाडी बघतो. त्या लोकांना गाड्यांची हौस आपल्यापेक्षा जास्त आणि नियमही जास्त. दोन्ही एकत्र नांदतात.

हे राज्याच्या हातात पूर्ण नाही, हे मला कळतं. कलम केंद्राचं आहे. पण २०१९च्या दुरुस्तीने त्याच कलम ५२ मध्ये केंद्र सरकारला बदल आणि रेट्रोफिटसाठी (मागाहून बसवलेल्या भागांसाठी) तपशील आणि अटी ठरवण्याचा अधिकार दिला आहे. तो जुन्या डिझेल जीपांसाठी वापरा, असा प्रस्ताव महाराष्ट्राने पाठवायला कोणाची आडकाठी आहे? किनाऱ्याचे चार-पाच जिल्हे आणि वरचे घाट ज्याच्या अखत्यारीत आहेत, त्यानेच तो पाठवायला हवा. दिल्लीत बसलेल्या माणसाला फोंडा घाट दिसणार नाही.

इंजिन कुठून आलं याचा कागद हवाच. अधिकृत स्क्रॅपिंग केंद्रात मोडलेल्या गाडीचं इंजिन चांगलं असेल तर ते नंबरासह, पावतीसह विकता यावं, आणि ती पावती असेल तरच नोंद व्हावी. नंबर ठोकणाऱ्यांचा धंदा दुसऱ्या कशानेही बंद होणार नाही. विमा कंपनीलाही मग सांगता येईल. आज मालक सांगत नाही, आणि अपघात झाला की दावा नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं. गाडीत बसलेल्या माणसाचा यात काय दोष? वाडीतून बाजाराला जाताना त्याने हात दाखवला आणि जीप थांबली, एवढंच.

केंद्राचं होईल तेव्हा होईल. तोपर्यंत एक गोष्ट तुमच्या एका परिपत्रकाने होऊ शकते, त्यासाठी कुठलं कलम बदलायला नको. पासिंगच्या वेळी पंधरा वर्षांवरच्या प्रत्येक जीपचा ब्रेक निरीक्षकाने स्वतः पायाने दाबून बघावा. इंजिन बंद असताना पेडल चार-पाच वेळा दाबून कडक करायचं, पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करायचं. बूस्टर जिवंत असेल तर पेडल किंचित खाली जातं. गेलं नाही तर नळीच्या दुसऱ्या टोकाला काय आहे ते बघायचं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, यंत्र लागत नाही. ज्या गाडीला बूस्टरच नाही तिचा मागचा एक ड्रम उघडायला लावावा. चेसिसवर, फाउंडेशनच्या आजूबाजूला, हातोडीने ठोकून बघावं. इंजिन मूळचं आहे की नाही हा वाद बाजूला राहू द्या, हे सगळ्यांनाच लावा. मूळ इंजिनाच्या गाड्यांचे ब्रेकही काही फार चांगल्या अवस्थेत नसतात.

आणि परिपत्रक काढताना कृपा करून असं करू नका की तपासणीची यंत्रं फक्त जिल्ह्याच्या ठिकाणी आणि कॅम्प बंद. देवगड-वैभववाडीचा माणूस दिवस मोडून, डिझेल जाळून लांब जात नाही. तो एजंटला पैसे देतो आणि गाडी घरीच ठेवतो.

संच ठरवताना कोणा कारखान्याच्या इंजिनिअरबरोबर किनाऱ्यावरचे दोन-चार मेकॅनिकही बसवा. खारी हवा चार वर्षांत कनेक्टरची काय गत करते, हे पुण्याच्या प्रयोगशाळेत दिसत नाही. बोलावलंत तर मी येईन. त्या पाचशेचाळीसचा बोल्ट आणि क्लॅम्प मी काढून ठेवले आहेत, सोबत घेऊन येतो. गाडीला पंपासकट डायनामो लावून दिला, पण चारही ड्रम अजून जुनेच आहेत, आणि पुढच्या डिस्कचं विचारलं तर मालक म्हणतो, सीझन जाऊ दे.

आपला,
देवगड तालुक्यातला एक गॅरेजवाला